आधी गाणं, मग पिक्चर : ‘सिंगिंग इन द रेन’वरचे तुमचे प्रश्न

गेल्या अंकात पावसातल्या गाण्यांवर लिहिताना ‘सिंगिंग इन द रेन’ ह्या १९५२ च्या अमेरिकन म्युझिकलचा, म्हणजे गाण्या-नाचांच्या पिक्चरचा, दोन ओळींत उल्लेख केला आणि पुढं गेलो, तर तुमची बरीचशी पत्रं नेमकी त्या दोन ओळींवरच आली. मनापासून आनंद झाला, कारण हा पिक्चर मला फार प्रिय आहे आणि कोल्हापूरच्या माणसाला तो इतरांपेक्षा जास्त जवळचा वाटावा असं त्यात बरंच काही आहे, ते खाली येईलच. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. १९२७ चं हॉलीवूड, मूकपटांचा जमाना संपत आलाय, डॉन लॉकवूड आणि लिना लॅमॉन्ट ही पडद्यावरची सुपरहिट जोडी, आणि अचानक पिक्चर बोलायला लागतात. लिना दिसायला देखणी पण आवाज असा चिरका की ऐकवत नाही. मग कॅथी नावाच्या नवख्या मुलीचा आवाज पडद्यामागून लिनाला द्यायचा असं ठरतं, आणि डॉन त्या कॅथीच्याच प्रेमात. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

सर, आमच्या घरी ह्यावरनं वाद पेटलाय. बाबा म्हणतात गाणं पिक्चरसाठीच लिहिलं असणार म्हणून तर दोघांचं नाव एकच. मी मोबाईलवर बघितलं तर गाण्याचं साल १९२९ दाखवतंय. कोण बरोबर? आणि जुनं गाणं उचललं असेल तर ती चोरी नाही का? (कॉलेज विद्यार्थी, राजारामपुरी)

मोबाईल बरोबर आहे रे, पण बाबांचंही काही चुकलं नाही. आपल्याकडं टायटल साँग म्हटलं की ते त्या पिक्चरसाठीच बनवलेलं असतं. आपल्या कोल्हापूरच्या शांतारामबापूंचा १९५५ चा ‘झनक झनक पायल बाजे’ घे, वसंत देसाईंनी त्या पिक्चरसाठी चाल बांधली आणि उस्ताद अमीर खाँसाहेबांनी गायलं. सगळं एकाच वेळी, एकाच कामासाठी. इथं मात्र उलटं झालं, गाणं आधी आणि पिक्चर तेवीस वर्षांनी.

गाण्याचे शब्द आर्थर फ्रीडचे आणि चाल नॅशिओ हर्ब ब्राऊनची. १९२९ साली एम-जी-एम कंपनीनं ‘हॉलीवूड रिव्ह्यू ऑफ १९२९’ काढला, त्यात गोष्ट अशी नव्हतीच, कंपनीचे स्टार एकामागून एक येऊन गाऊन नाचून जायचे, कारण बोलपट नवीन होता आणि आपले स्टार बोलू शकतात, गाऊ शकतात हे लोकांना दाखवायचं होतं. त्यात क्लिफ एडवर्ड्स नावाच्या गायकानं हातात युकुलेले, म्हणजे छोटी गिटार, घेऊन हे गाणं म्हटलं आणि शेवटी सगळ्या स्टारमंडळींनी रेनकोट घालून परत म्हटलं. पुढं १९४० मध्ये ज्युडी गार्लंडनंसुद्धा एका पिक्चरमध्ये गायलं. म्हणजे गाणं लोकांच्या तोंडात होतंच.

आता चोरीचं. हा जो गीतकार फ्रीड, तोच पुढं एम-जी-एममध्ये मोठा निर्माता झाला. त्यानं बेटी कॉम्डन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीन ह्या लेखकांच्या जोडीला बोलावून सांगितलं की माझी आणि ब्राऊनची जुनी गाणी आहेत, त्यावर एक पिक्चर लिहा. गोष्ट नाही, हिरो नाही, नुसती गाण्यांची थप्पी आणि एक नाव. ते दोघं बसून ती गाणी ऐकत गेले आणि त्यांना जाणवलं की ह्यातली बरीचशी गाणी मूकपट जाऊन बोलपट आला त्या काळातली आहेत, मग गोष्ट पण त्याच काळातली का नको? मला विचारशील तर ह्या पिक्चरचं सगळं यश ह्या एका विचारात आहे. गाणी गोष्टीत कोंबलेली नाहीत, गाण्यांनीच गोष्ट कुठं घडणार ते सांगितलं.

तेव्हा चोरी म्हणता येत नाही, मालक आपलाच माल वापरत होता. फक्त एका गाण्याबद्दल कुजबुज झाली आणि ती बरोबर आहे असं माझं मत. ‘मेक देम लाफ’ हे डॉनच्या मित्राचं काम केलेल्या डॉनल्ड ओ’कॉनरचं भिंतीवर चढून उलट्या उड्या मारायचं गाणं कोल पोर्टर ह्या संगीतकाराच्या १९४८ च्या ‘बी अ क्लाउन’शी इतकं मिळतंजुळतं आहे की दोन्ही लागोपाठ लावून बघ, तुझं तुलाच कळेल. पोर्टरनं त्यावरून कोर्टकचेरी केली नाही हा त्याचा मोठेपणा.

पण आता कुणी हे गाणं गुणगुणलं की डोळ्यासमोर क्लिफ एडवर्ड्स येतो का? नाही येत. दिव्याच्या खांबाला लटकलेला, डॉनचं काम केलेला जीन केली येतो. १९२९ मध्ये हे पावसावरचं एक छान गाणं होतं, कुणीही कुठंही म्हणावं असं. १९५२ मध्ये त्याला कारण मिळालं. प्रेमात पडलेला माणूस, नुकतंच तिला दारापर्यंत सोडलंय, मुसळधार पाऊस, आणि आता तो घरी चालत निघालाय, हे सगळं आधी घडतं आणि मग गाणं सुरू होतं. बाबांना सांग, तारखेत मोबाईल जिंकला पण गाणं पिक्चरचंच वाटतं ह्यात तुमचं बरोबर आहे.

ह्या सिनेमाला ऑस्कर किती मिळाले? (एक वाचक, इचलकरंजी)

एकही नाही. दोन नॉमिनेशन होती, एक लिनाचं काम केलेल्या जीन हेगनला सहाय्यक अभिनेत्रीचं आणि एक संगीताचं, दोन्ही हुकली. पण १९८९ मध्ये अमेरिकेनं जपून ठेवायच्या सिनेमांची राष्ट्रीय यादी सुरू केली तेव्हा पहिल्याच तुकडीत हा होता, आणि अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं २००६ मध्ये म्युझिकल्सची यादी केली त्यात तो पहिला आला. जीन हेगनला मिळायलाच हवं होतं असं मला आजही वाटतं. इतक्या चिरक्या आवाजात पूर्ण पिक्चरभर बोलून परत लोकांना हसवत ठेवणं सोपं नाही.

नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, वय पंच्याहत्तरच्या पुढं. बोलपट आल्यावर नटांची कशी धांदल उडाली ते ह्या सिनेमात दाखवलंय असं आपण लिहिलंत. आपल्याकडं, विशेषतः कोल्हापुरात, असं काही झालं होतं का? नव्या पिढीला हे कुणी सांगत नाही. (शिवाजी पेठ)

सर, तुमच्या पत्रानं फार बरं वाटलं, ह्या प्रश्नासाठी मी पानभर जागा द्यायला तयार आहे.

सिनेमातली धांदल आधी सांगतो म्हणजे तुलना करता येईल. लिनाचा पहिला बोलपट शूट होतोय. माईक झुडपात लपवलाय, ती मान वळवून बोलते की आवाज गायब, परत वळली की आवाज हजर. मग माईक तिच्या कपड्यात छातीपाशी शिवतात तर तिच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. मग खांद्यावर लावतात, आणि कंपनीचा मालक ती वायर कसली म्हणून ओढतो तर लिनाबाई उताण्या. कॅमेरा एका बंद खोक्यात, कारण त्याची घरघर माईकमध्ये जायची. हे सगळं बघून लोक हसून हसून लोळतात पण ह्यातलं मनानं रचलेलं थोडंच आहे, सुरुवातीच्या बोलपटवाल्यांनी हे सगळं भोगलेलं आहे.

आपल्याकडं पहिला बोलपट ‘आलम आरा’, १४ मार्च १९३१ ला मुंबईत मॅजेस्टिकला लागला. तो काढणाऱ्या अर्देशीर इराणींचा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ, दिवसा गाड्यांचा खडखडाट, म्हणून शूटिंग मध्यरात्रीनंतर करायचे. माईक तिथंही नटांच्या आसपास लपवलेले. आणि त्याचा हिरो कोण? मास्टर विठ्ठल, जे आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले. मूकपटातले नावाजलेले स्टंट हिरो, तलवारबाजी, उड्या, लोक वेडे होते त्यांच्यासाठी. दुसऱ्या कंपनीशी करार असताना हे काम घेतलं म्हणून कोर्टात केस झाली तेव्हा त्यांच्या बाजूनं महंमद अली जीना उभे राहिले आणि केस जिंकली. एवढं करून हिरो झाले पण हिंदी-उर्दू बोलणं जमेना. म्हणून त्यांना संवादच कमी दिले, बराच वेळ ते पात्र गुंगीत असल्यासारखं दाखवलं. लिनाची गोष्ट बघताना मला दरवेळी मास्टर विठ्ठल आठवतात आणि मग तितकं हसू येत नाही. ज्या पठ्ठ्यानं अंगाच्या जोरावर पडदा गाजवला त्याला एका वर्षात सांगायचं की आता जिभेवर कमव, हे सोपं नव्हतं. ‘आलम आरा’ची प्रिंट आज कुठंच उरलेली नाही हे अजून एक दुःख.

पण कोल्हापूरची दुसरी बाजू पण आहे आणि ती अभिमानाची. १९२९ मध्ये, म्हणजे अमेरिकेत ते पावसाचं गाणं आलं त्याच वर्षी, दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी ह्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. सुरुवात मूकपटांनी आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’, मराठीतला पहिला बोलपट, इथंच तयार झाला, मराठीत आणि हिंदीत दोन्ही. त्यात हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, जे आपल्या कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे, संगीतही त्यांचंच, आणि तारामती दुर्गा खोटे. प्लेबॅक तेव्हा नव्हता, जो पडद्यावर तोच गाणार आणि शूटिंग चालू असतानाच गाणार.

मला वाटतं हॉलीवूडमध्ये आणि इथं फरक पडला तो ह्याच ठिकाणी. तिथं चेहऱ्यावर जगणाऱ्यांची पंचाईत झाली, इथं मात्र संगीत नाटकाची पिढी तयारच बसली होती. केशवराव भोसल्यांचं हे गाव, माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असलेले लोक, त्यांना बोलपट म्हणजे संधी होती. टेंबे तर संगीत नाटकात वाढलेले. मूकपटवाल्यांचं नुकसान झालं तिथं नाटकवाल्यांचं फावलं असं म्हणा हवं तर. पुढं १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली, पण मराठी पिक्चर पहिल्यांदा बोलला तो इथं कोल्हापुरात. खरी कॉर्नरला तो कॅमेऱ्याचा स्तंभ आहे ना पेंटरांच्या आठवणीचा, त्याच्यासमोरून रोज हजारो गाड्या जातात. तुमच्यासारख्यांनी एखाद्या शाळेच्या पोरांना तिथं उभं करून हे सांगितलं तर फार मोठं काम होईल सर.

मुलगी दहा वर्षांची आहे, तिला दाखवायला चालेल का? (पालक, रुईकर कॉलनी)

बिनधास्त दाखवा. इंग्रजी फार कळलं नाही तरी नाच आणि माईकचा गोंधळ पोरांना भाषेशिवाय कळतो. फक्त एक काळजी घ्या, मोबाईलवर ह्या गाण्याचं नाव टाकून शोधलं की १९७१ च्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’मधला प्रसंग पण समोर येतो, त्यात हेच गाणं अत्यंत क्रूर मारहाणीत म्हटलंय. तो लहान मुलांनी बघायचा नाही.

पिक्चरमध्ये कॅथी लिनाला आवाज देते. मग कॅथीचं काम करणाऱ्या डेबी रेनॉल्ड्सचा आवाज तरी तिचा स्वतःचा होता का? आमच्या भिशीत कुणीतरी म्हणालं की तोही दुसऱ्याचाच. (गृहिणी, नागाळा पार्क)

ताई, तुमच्या भिशीतल्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा, बरोबर बोलल्या त्या. पण पूर्ण गोष्ट अजून गुंतागुंतीची आहे.

‘गुड मॉर्निंग’सारख्या गाण्यात डेबी स्वतःच गायली आहे. पण कॅथी लिनासाठी म्हणून जे ‘वुड यू’ गाणं रेकॉर्ड करते ते प्रत्यक्षात बेटी नॉइस नावाच्या गायिकेनं गायलंय. म्हणजे पडद्यावर एक बाई दुसरीला आवाज देतेय असं आपण बघतो आणि खरा आवाज तिसरीचाच. त्याहून पुढचं ऐका, कॅथी लिनाचे संवाद डब करताना जो गोड, घरंदाज आवाज येतो तो जीन हेगनचा स्वतःचा आहे! म्हणजे चिरकी लिना झालेली नटी खऱ्या आयुष्यात इतकी छान बोलायची की तिनंच स्वतःला डब केलं.

सगळा पिक्चर कशावर आहे, तर पडद्यामागं गाणाऱ्या मुलीला तिचं नाव मिळालं पाहिजे ह्यावर. शेवटी पडदा वर ओढतात, मागं माईकसमोर कॅथी उभी दिसते आणि डॉन थिएटरभर ओरडून सांगतो की तुम्ही ज्या आवाजावर प्रेम केलंत तो हिचा आहे. आणि त्याच पिक्चरच्या श्रेयनामावलीत बेटी नॉइसचं नाव नाही. हे मला अजिबात पटत नाही, पिक्चर कितीही आवडता असला तरी. त्या काळात अशीच पद्धत होती म्हणून सोडून द्यायचं का? मला तसं वाटत नाही, म्हणून जिथं ह्या पिक्चरबद्दल बोलतो तिथं तिचं नाव घेतो.

आपल्याकडं प्लेबॅक आला १९३५ मध्ये, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’पासून, आणि नावाचा प्रश्न इथंही तोच. १९४९ च्या ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ देशभर गाजलं पण रेकॉर्डवर गायिकेचं नाव काय छापलं, तर कामिनी, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव. लोक रेडिओला विचारत राहिले की ही गाते कोण, तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढं आलं. ह्या लताबाई त्याच्या काही वर्षं आधी मास्टर विनायकांच्या कंपनीत कामाला म्हणून आपल्या कोल्हापुरातच राहत होत्या. फिल्मफेअरमध्ये गायकांसाठी वेगळा पुरस्कारच नव्हता, त्यासाठी त्यांनी आग्रह धरला, आणि १९५९ मध्ये तो सुरू झाला तेव्हा पहिला त्यांनाच, ‘मधुमती’च्या ‘आजा रे परदेसी’साठी. तुमच्या भिशीत हा पिक्चर लावा आणि मग ‘महल’ लावा, चांगली चर्चा होईल बघा.

मी डान्स क्लास घेते. गॅदरिंगला आमच्या मुली छत्री घेऊन ह्या गाण्यावर नाचणार आहेत. खरा पाऊस दाखवता येईल का? पिक्चरमध्ये पाऊस दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळलेलं असं ऐकलंय, आम्ही पण करू का? (नृत्यशिक्षिका, कसबा बावडा)

दूध अजिबात नको ताई, आणि तिथंही नव्हतं, ती दंतकथा आहे. पाऊस दिसतो तो लाईटमुळं. दिवे मागच्या बाजूनं लावले की पाण्याच्या धारा चमकतात, पुढून लावले तर पाणी दिसतच नाही. रात्री कधी गाडीच्या हेडलाईटसमोर पाऊस बघा, लगेच पटेल.

शूटिंगची माहिती सांगतो कारण त्यातनं तुम्हाला कामाचं काही सापडेल. रस्ता स्टुडिओच्या आवारातला, वर काळी ताडपत्री टाकून दिवसाची रात्र केलेली, वरून पाईपनं पाऊस. डबकी आपोआप साठलेली नाहीत, जीन केलीचा पाय कुठं पडणार ते आधी ठरवून फुटपाथ आणि रस्त्यात खड्डे खणले होते. संध्याकाळ झाली की पाण्याचं प्रेशर कमी व्हायचं कारण आसपासचे लोक घरी येऊन बागेला पाणी घालायला लागायचे. केलीला अंगात १०३ ताप होता, अंगावर लोकरीचा सूट आणि तो भिजून भिजून आटत चाललेला. बुटांचा टॅपचा आवाज पावसात नीट मिळणं शक्यच नव्हतं, तो नंतर वेगळा रेकॉर्ड करून भरलाय. हे सगळं करून पडद्यावर मात्र असं वाटतं की माणूस सहज घरी चाललाय.

आणि नाचात अवघड स्टेप फार नाहीत हे बघा नीट. सुरुवातीला तो टॅक्सीवाल्याला हातानं जा म्हणतो. थोडं चालतो, खांदे उडवतो आणि भर पावसात छत्री मिटतो. माझ्या मते सगळं गाणं त्या छत्री मिटण्यात आहे, ज्याला भिजायची काळजी उरली नाही तोच छत्री मिटेल. मग खांबावर उडी, मग घरावरच्या पन्हाळीचं पाणी थेट तोंडावर घेतो, मग फुटपाथच्या कडेवर तोल सांभाळत चालतो, मग डबक्यात लहान पोरासारखा थयथयाट, तेवढ्यात समोर पोलीस उभा. जरा ओशाळतो, निघतो, आणि जाता जाता छत्री एका वाटसरूला देऊन टाकतो. सुरुवातीला हे गाणं केली, रेनॉल्ड्स आणि ओ’कॉनर ह्या तिघांनी मिळून म्हणायचं असा विचार होता, केलीनं ते एकट्यानं घेतलं. टायटलमध्ये पिवळे रेनकोट घातलेले तिघं येतात, तेवढ्यावर त्या तिघांचं गाणं भागवलंय.

आता तुमचं स्टेज. खरं पाणी नको, लाईटच्या वायरी असतात आणि लाकडी स्टेज ओलं झालं की पोरी घसरतील, गुळगुळीत तळव्याचे बूट असतील तर नक्कीच. मागच्या पडद्याजवळून निळसर लाईट प्रेक्षकांच्या दिशेनं थोडा वर करून सोडा, स्मोक मशीन मिळालं तर थोडा धूर, आणि पावसाचा आवाज ट्रॅकला जोडून घ्या, एवढं पुरेसं आहे. दहाबारा मुली असतील तर सगळ्यांना एकदम नाचवू नका. एकीला डॉन करा, बाकीच्यांना छत्र्या उघडून घाईघाईत इकडून तिकडं जाणारी माणसं करा, म्हणजे जिनं छत्री मिटलीय ती उठून दिसेल. पोलिसाचं काम सगळ्यात गंभीर चेहरा असणाऱ्या मुलीला द्या. आणि छत्री मिटायची प्रॅक्टिस सगळ्यात जास्त घ्या, आपल्याकडच्या घडीच्या छत्र्या पटकन मिटत नाहीत, लांब दांड्याच्या काळ्या छत्र्याच आणा, घरात आजोबांची असतेच एखादी.